भावी शिक्षकांना डिजिटल कामात तयार कसं करायचं: आधी पाठ, मग अ‍ॅप

आमच्याकडे शिक्षक व्हायचं शिक्षण घेणारी एक मुलगी होती, फोनवर दोन मिनिटांत रील कापून, गाणं जोडून, वर अक्षरं नाचवून द्यायची. तिला मी म्हटलं, मेलवर आलेली पाठ टाचणाची, म्हणजे पाठाच्या आखणीची, फाईल उतरवून घे, तुझ्या नावाने सेव्ह कर आणि मला परत पाठव. वीस मिनिटं झाली तरी उतरवलेली फाईल गेली कुठे तेच सापडेना. शेवटी तिने स्क्रीनचा फोटो काढला आणि तोच पाठवून दिला, खाली लिहिलेलं "मॅडम, हे चालेल का?" हुशार पोरगी हो, वर्गात उभी राहिली की शेवटच्या बाकावरचीही पोरं ऐकायची. पण फाईल कुठे राहते, फोल्डर कशाला असतो हे तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं, कारण सगळ्यांनी धरलेलं की आजकालच्या पोरांना हे येतंच.

मार्क प्रेन्स्की नावाच्या लेखकाने २००१ मध्ये "डिजिटल नेटिव्ह" हा शब्द रूढ केला, म्हणजे इंटरनेटच्या काळात जन्मलेली, हे सगळं रक्तातच असलेली पिढी. शब्द छान होता, पण त्याने आपलं नुकसान केलं असं मला वाटतं. फोन वापरता येणं वेगळं आणि त्याच फोनने तीस-चाळीस मुलांना काहीतरी शिकवता येणं वेगळं. पहिलं त्यांना येतं. दुसरं आपल्याला शिकवायचंय, आणि ते "कॉम्प्युटरचा तास" म्हणून वेगळा काढून होत नाही हे मी दोन-तीन बॅचेस वाया घालवून शिकले. तर काय केलं की होतं ते लिहिते. छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक व्हायचं शिक्षण घेणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय, पण तुम्ही स्वतःच शिक्षक व्हायला निघाला असाल तरी यातलं बरंचसं एकट्याने करता येईल.

सुरुवातीला फॉर्म भरून घेऊ नका, काम द्या

"तुम्हाला इंटरनेट कितपत येतं, १ ते ५ मध्ये सांगा" असले फॉर्म मी आधी भरून घ्यायचे. बहुतेक जण ४ लिहायचे. ज्यांना खरंच येतं ते ३ लिहायचे, कारण आपल्याला काय येत नाही हे त्यांनाच माहीत असतं. त्या फॉर्मवरून काहीही कळत नाही.

त्यापेक्षा चाळीस मिनिटांचं एक काम द्या आणि फक्त बघत बसा. मी देते ते असं: मेलवर आलेली फाईल उतरवा, तिला नीट नाव द्या, त्यात एक चित्र टाका पण ते वापरायची परवानगी आहे याची खात्री करून, मथळ्यांना मथळ्याची स्टाईल लावा (नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं करणं नव्हे), पीडीएफ करा, ड्राइव्हवर ठेवा आणि मला अशी लिंक पाठवा की मी बघू शकेन पण बदलू शकणार नाही. दिसायला सोपं आहे. पण पोरं कुठे अडकतात ते बघाल तर तुमचा वर्षभराचा अभ्यासक्रम तिथेच तयार होतो. कुणाची लिंक उघडतच नाही, परवानगी मागते. कुणाची फाईल "न्यू डॉक्युमेंट कॉपी २ फायनल" नावाची. चित्राच्या परवानगीचं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, गुगलवरून घेतलं. कोण कुठे अडकलं ते एका कागदावर लिहून ठेवा, हा कागद वर्षाच्या शेवटी परत लागणार आहे.

आराखड्यांचं थोडक्यात सांगते. शिक्षकांना डिजिटल बाबतीत काय काय यायला हवं याचे दोन मोठे आराखडे आहेत. युनेस्कोचा, ज्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली, त्यात ६ पैलू आणि ३ पातळ्या म्हणजे एकूण १८ क्षमता. आणि युरोपियन कमिशनचा डिजकॉम्पएज्यु, २०१७ चा, त्यात ६ क्षेत्रं आणि २२ क्षमता, भाषेच्या परीक्षेसारख्या ए१ पासून सी२ पर्यंत पातळ्या. दोन्ही वाचा, दोन्ही फुकट मिळतात. पण ते छापून भिंतीवर लावून पोरांकडून पाठ करून घेऊ नका. माझ्यासाठी त्यांचा उपयोग एवढाच, की सहा महिन्यांनी उघडून बघायचं, आपलं काही राहून तर गेलं नाही ना. दरवेळी काहीतरी राहिलेलं असतंच, बहुतेकदा दिव्यांग मुलांसाठीचं. त्यावर पुढे बोलू.

टाचणात तीन ओळी जास्तीच्या

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून इथे जरा रेंगाळते.

एका छात्राध्यापकाने चंद्रकलांवर पाठ घेतला होता. अ‍ॅनिमेशन असं सुंदर की मीसुद्धा बघत राहिले, चंद्र फिरतोय, पृथ्वी फिरतेय, मागे तारे, संगीत. मुलं खूश. पाठ संपला आणि एका मुलाने विचारलं, "सर, म्हणजे अमावास्येला पृथ्वीची सावली पूर्ण पडते ना चंद्रावर?" आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. म्हणजे नेमका जो गैरसमज काढायचा होता तो जसाच्या तसा, वर संगीताची भर. (सावलीचा संबंध ग्रहणाशी. कलांमध्ये चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो, त्यातला आपल्याला किती दिसतो एवढाच प्रश्न.)

दुसऱ्या दिवशी त्याने खोलीत अंधार केला, टेबलावर एक दिवा ठेवला, प्रत्येकाच्या हातात काडीला टोचलेला चेंडू दिला. डोकं म्हणजे पृथ्वी, चेंडू म्हणजे चंद्र, हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. फिरता फिरता चेंडूवर कोर दिसते, अर्धा दिसतो, दिव्याकडे पाठ केली की पूर्ण. तोच मुलगा मध्येच थांबून म्हणाला, "अरे, सावली नाहीचे ही!" झालं. ना वीज लागली ना नेट, दिवा सोडून.

मग डिजिटल कशाला? तर त्याच्या पुढच्या टप्प्याला. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, हे एका तासात ना चेंडूने दिसतं ना फळ्यावर. तिथे स्टेलेरियमसारखं मोफत आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर उघडायचं, वेळ तीच ठेवायची, तारीख एकेक दिवस पुढे सरकवायची आणि चंद्र सरकताना बघायचा. आणि मुलांनी घरून पंधरा दिवस दिसेल तेव्हा चंद्राचं चित्र आणि वेळ एका सामायिक शीटमध्ये भरायची. ढग आले तर "ढग" लिहायचं, खोटं काढायचं नाही. आता इथे तंत्रज्ञानाने असं काम केलं जे त्याच्याशिवाय झालंच नसतं.

याला मोठ्या भाषेत टीपॅक म्हणतात. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं आणि शिकवता येणं एवढं पुरत नाही, हाच विषय कसा शिकवायचा हे एक वेगळंच ज्ञान आहे. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान अशा तीन वर्तुळांची आकृती पोरं परीक्षेत काढतात मस्त, पण पाठात उतरवत नाहीत. म्हणून मी टाचणाच्या नमुन्यातच तीन ओळी वाढवल्या. एक, या घटकात मूल नेमकं कुठे अडकतं. दोन, ते फळ्यावर, वस्तू हातात देऊन किंवा बोलून का सुटत नाही. तीन, हे साधन नेमकं तेच कसं सोडवतं. दुसरी ओळ कोरी राहिली तर साधन वापरायचं नाही, विषय संपला. सुरुवातीला पोरं वैतागतात, कारण निम्म्या टाचणांत दुसरी ओळ कोरी राहते. पण मग जी भरते ती खरी भरते. उदाहरणार्थ, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०. फळ्यावर तुम्ही एक त्रिकोण काढता, फार तर तीन. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरोबिंदू बोटाने ओढला की त्रिकोण सारखा बदलत राहतो आणि बेरीज काही हलत नाही, मुलं मुद्दाम वेडावाकडा करून बघतात की आता तरी मोडेल. विजेच्या सर्किटसाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन खऱ्या सर्किटमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत, तिथे दिसतात. पण बल्ब आणि बॅटरी हाताशी असेल तर आधी तेच द्या बाबा, सिम्युलेशन नंतर.

फोन स्वतःकडे वळवायचा

सूक्ष्म अध्यापन सगळ्यांना माहीत आहे, पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, मग प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, मग पुन्हा पाठ. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला ही पद्धत सुरू झाली तेव्हा व्हिडिओवर पाठ टिपून शिकाऊ शिक्षकाला दाखवणं हा तिचाच भाग होता. आपण पद्धत घेतली आणि कित्येक ठिकाणी कॅमेरा तेवढा गळला. आता प्रत्येकाच्या खिशात आहे तर परत आणा.

रेकॉर्डिंग तीनदा बघायला लावते मी. पहिल्यांदा आवाज बंद करून, म्हणजे कळतं आपण सगळा वेळ फळ्याकडे बोललो का, हात कुठे होते. दुसऱ्यांदा फोन उलटा ठेवून नुसता आवाज, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती सेकंद थांबलो ते मोजायचं, आणि इथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपल्याला वाटतं खूप थांबलो आणि निघतो एक सेकंद. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून, आणि "३ मिनिटं १२ सेकंदाला मी असं का केलं" अशी वेळेसकट नोंद. यात व्हिडिओ काढणं, कापणं, साठवणं, सुरक्षित शेअर करणं सगळं आपोआप शिकून होतं, त्याचा वेगळा तास लागत नाही. एकच नियम कडक: रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्याकडे, ग्रुपवर टाकायचं नाही, काम झालं की पुसायचं. मुलांसमोरच्या पाठाचं असेल तर आधी परवानगी, आणि कॅमेरा शिक्षकावर, मुलांच्या चेहऱ्यांवर नाही.

खरं-खोटं

इथे पोरांना एक वाईट सवय आपणच लावलेली असते. वेबसाइट खरी का खोटी ओळखायला एक चेकलिस्ट देतो, शेवटी डॉट ओआरजी आहे का, लेखकाचं नाव आहे का, डिझाइन व्यवस्थित आहे का. ज्याला फसवायचंय तो हे सगळं नीटच करतो ना!

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डला ४५ जणांना वेबसाइट्स तपासायला दिल्या, त्यात १० पीएचडीवाले इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरून खाली वाचत बसले आणि लोगो, नाव असल्या गोष्टींना बऱ्याचदा फसले. फॅक्ट-चेकर लोकांनी काय केलं, पान उघडलं, थोडं बघितलं आणि लगेच बाहेर पडून नव्या टॅबमध्ये शोधलं की या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात. याला लॅटरल रीडिंग म्हणतात, मी वर्गात "आडवं वाचन" म्हणते. नवीन माणसाबद्दल त्याच्याच तोंडून त्याची तारीफ ऐकण्याऐवजी चार जणांना विचारावं तसं.

सरावाला एक जुनी मस्त साइट आहे, १९९८ पासूनची, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची. फोटो, शास्त्रीय नाव, "वाचवा" मोहीम, सगळं आहे, फक्त प्राणी नाही. जोडीने बसवा, एकाने त्याच पानावर राहून ठरवायचं आणि दुसऱ्याने पान सोडून. घड्याळ लावा. पान सोडलेल्याचं मिनिटाभरात होतं, पानावरचा अजून त्या प्राण्याचा अधिवास वाचत असतो. हा फरक एकदा बघितला की भाषण द्यावं लागत नाही. नंतर त्यांच्या ग्रुपवर आलेले खरे फॉरवर्ड घ्या, फोटो असेल तर उलटा शोध लावून, म्हणजे फोटोच टाकून शोधून, तो आधी कुठे आणि कधी आला होता ते काढायला लावा. आणि हो, प्रत्येकाने शेवटी हेच आपल्या वयोगटाच्या मुलांना कसं शिकवशील याची दहा मिनिटांची कृती बनवायची. स्वतःला येणं ही निम्मीच वाट आहे.

चित्रांच्या परवानगीचं याच्याच जोडीने उरका. गुगल हा स्रोत नाही, ते कपाट दाखवणारं माणूस आहे, पुस्तक कुणाचं ते पुस्तकावर बघायचं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत, सहाही पाठ करायची गरज नाही, त्यातली चार चिन्हं कळली की बास: नाव द्या, धंद्यासाठी नको, बदल नको, आणि बदललंत तर याच अटींवर वाटा. "बदल नको" वालं आपल्याला जास्त नडतं, कारण कुणाचा इंग्रजी पाठ मराठीत आणणं हाही बदलच, आणि त्या परवान्यात भाषांतर करून ते वाटता येत नाही. चित्राखाली चार गोष्टी लिहायच्या: नाव, कुणाचं, कुठून, कुठला परवाना.

माझी फजिती, म्हणजे शीटची

मुलांचे गुण एका ऑनलाईन शीटमध्ये होते, छात्राध्यापकांना भरता यावेत म्हणून मी लिंक उघडी ठेवली, "ज्याच्याकडे लिंक आहे तो बदलू शकतो". कुणीतरी नावं अकारविल्हे लावायला गेलं आणि फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केला. नावं हलली, गुण जागच्या जागी. म्हणजे सगळ्यांचे गुण दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर, आणि दिसायला शीट एकदम व्यवस्थित! दीड दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली मला एवढे पडणं शक्यच नाही, तेव्हा कळलं. व्हर्जन हिस्टरीतून आदल्या दिवशीची शीट परत आणली आणि ती कशी आणायची ते तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवलं.

आता हा पाठच घेते मी. एक खोटी शीट बनवायची, बनावट नावं, मुद्दाम बिघडवायची आणि पोरांना दुरुस्त करायला लावायची. त्यातून बघणारा, टिप्पणी करणारा आणि बदलणारा या तीन परवानग्या कायमच्या डोक्यात बसतात. त्याच ओघात बाकीचं पण सांगून टाका: मुलांचे गुण आणि आजारपण ग्रुपवर टाकायचं नाही, मुलाच्या फोटोबरोबर पूर्ण नाव आणि शाळा लिहायची नाही, फोटोच्या फाईलमध्ये जागेची नोंदही असू शकते, शाळेचं आणि स्वतःचं खातं वेगळं, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू. आणि प्रोजेक्टरला फोन जोडण्याआधी नोटिफिकेशन बंद! एका छात्राध्यापकाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या स्लाइडवर "बाळा जेवलास का" असा मेसेज मोठ्या अक्षरात आलेला आहे, मुलं पुढे आठवडाभर त्याला तेच विचारत होती.

एआयचं काय करायचं

बंदी घालून काही होत नाही, मी घालून बघितली. आता उलटं करते. तुला सगळ्यात चांगला येणारा घटक निवड, त्यावर एआयकडून पाठ टाचण आणि दहा प्रश्न काढून घे, प्रिंट काढ आणि लाल पेनाने तपास, जणू ते तुझ्या ज्युनियरने लिहिलंय. चांगला येणारा घटक हे महत्त्वाचं, न येणाऱ्यावर चुका दिसतच नाहीत, सगळं बरोबरच वाटतं. पस्तीस मिनिटांच्या तासात सात उपक्रम, त्यातले तीन "गटात चर्चा". सहावीच्या मुलांना झेपणार नाही अशी भाषा. नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ, लेखकासकट. एवढ्या आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं की पोरं आधी स्वतःवर शंका घेतात. मग मी म्हणते, दुसरीकडे शोध, आडवं वाचन विसरलास का.

दोन गोष्टी बजावून सांगते. मुलांची नावं, गुण, तक्रारी यातलं काहीही त्या चौकटीत टाइप करायचं नाही. आणि "हे एआयने लिहिलंय" असं सांगणाऱ्या डिटेक्टरच्या भरवशावर कुणा मुलाला चोर ठरवायचं नाही. ओपनएआयने स्वतःचाच असा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि त्याच वर्षी जुलैत मागे घेतला, अचूकता कमी म्हणून. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांना जमलं नाही तर आपण कोण. मुलाला शेजारी बसवून विचारा, हे वाक्य का लिहिलंस, दोन मिनिटांत कळतं. वयाचंही भान ठेवा, युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात वापरायला किमान १३ वर्षं सुचवली आहेत. म्हणजे लहान वर्गांचे शिक्षक एआय स्वतःच्या तयारीला वापरतील, मुलांच्या हातात देणार नाहीत.

डोळे मिटून आपल्याच नोट्स ऐका

हाच तो दरवेळी राहून जाणारा भाग, दिव्यांग मुलांसाठीचा. भाषणाने होत नाही, ऐकवावं लागतं. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय असते, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, आणि विंडोजसाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर, जे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केलं, तो स्वतः दृष्टिहीन आहे. प्रत्येकाने स्वतः बनवलेल्या नोट्स उघडायच्या, डोळे मिटायचे आणि ऐकायचं.

वहीचा फोटो काढून पीडीएफ केलेला असेल तर काहीच ऐकू येत नाही किंवा नुसतं "इमेज". एकीने अकरा पानांच्या नोट्स केल्या होत्या, मोत्यासारखं अक्षर, तिला अकरा वेळा "इमेज" ऐकू आलं. गप्प बसली बराच वेळ. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आणखी मजा, कारण त्यात दिसायला मराठी पण आत इंग्रजी अक्षरं, फोन काहीतरी मंत्र म्हटल्यासारखं वाचतो. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, तरी अजून जुन्या फॉन्टातल्या प्रश्नपत्रिका फिरतायत आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की किडे-मकोडे दिसतात. पोरांना पहिल्याच महिन्यात युनिकोड कीबोर्ड लावून द्या, बोलून टाइप करणं पण शिकवा, आणि मग वेलांट्या तपासायला लावा कारण बोलून टाइप केलं की त्या हमखास चुकतात.

स्लाइड शेवटच्या बाकावरून वाचून बघायची, खिडक्या उघड्या ठेवून. पांढऱ्यावर पिवळं लिहिणारा दरवर्षी एक तरी असतो. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या अक्षरांसाठी रंगांच्या फरकाचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलंय, ते मोजणारी मोफत साधनं नेटवर आहेत. चित्राला वर्णन, व्हिडिओला मजकूर. एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि आपण?

पीपीटी वाचून दाखवत आपण त्यांना सांगतो की पीपीटी वाचून दाखवू नका. ते आपलं बघून शिकतात, ऐकून नाही. जो टोंडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र करून काय उपयोगी पडतं ते मांडलं, त्यात आदर्श म्हणून समोर दिसणारा प्रशिक्षक, स्वतः पाठाची रचना करून बघणं, एकमेकांबरोबर काम, प्रत्यक्ष वर्गातला अनुभव, त्यावर विचार आणि सतत प्रत्याभरण या गोष्टी आहेत. त्यातली पहिली आपल्यावर येते. म्हणून हे सगळं एकट्या कॉम्प्युटरवाल्या सरांच्या गळ्यात घालू नका. भाषावाल्या मॅडमनी सामायिक डॉक्युमेंटवर निबंध तपासला पाहिजे, गणितवाल्या सरांनी जिओजेब्रा उघडलं पाहिजे, चुकलं तरी. खरं तर चुकलं तर जास्त बरं. माझा प्रोजेक्टर लागत नाही तेव्हा मी मोठ्याने बोलत बोलत शोधते, वायर बघू, इनपुट बदलू, रीस्टार्ट करू, तीन मिनिटं झाली, सोडला, खडू द्या. ते "सोडला" म्हणणं पण शिकवायचं असतं. प्रत्येक टाचणावर नेट नसेल तर काय करशील याची एक ओळ हवीच, आणि "फळा वापरेन" एवढं चालत नाही, फळ्यावर काय काढशील ते लिही.

मूल्यमापनाचं शेवटी. "इनपुट डिव्हाइसची नावं लिहा" हा प्रश्न काढून टाका आधी. मी पाच गोष्टींचा फोल्डर मागते: दुसरी ओळ खरोखर भरलेलं एक टाचण, त्या पाठाच्या व्हिडिओवरच्या नोंदी, लाल पेनाने तपासलेलं एआयचं टाचण, ऐकता येतील अशा नोट्स, आणि एक फसलेला प्रयोग, का फसला त्यासकट. फसलेला नसेल तर पाचव्याचे गुण नाहीत. तोंडी परीक्षेत माझे प्रश्न ठरलेले, हे फळ्यावर का नाही केलंस, वर्गात एक मूल बघू शकत नसेल तर यात काय बदलशील, हा फोटो कुणाचा. आणि पहिल्या दिवशीचं ते चाळीस मिनिटांचं काम पुन्हा देते, तोच कागद समोर ठेवून.

फोल्डरची लिंक मात्र मी स्वतःच्या फोनवर उघडत नाही. शेजारच्या मुलाचा फोन घ्यायचा, त्यात खाजगी विंडो उघडायची आणि तिथे लिंक टाकायची. उघडली तर काम जमा झालं. "परवानगी मागा" असं आलं तर परत पाठवायचं, कितीही चांगलं असू दे.